युरोपातले पाणसाप: पाळायचे कसे आणि शोधायचे कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, ब्रिटन, स्वित्झर्लंड अशा ठिकाणी राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून दर उन्हाळ्यात साधारण हेच प्रश्न येतात. बागेतल्या तळ्यात साप दिसला, विषारी असेल का? मुलगी मागेच लागलीये, एखादा पाळता येईल का? माझं मत आधीच सांगते. यातला एक साप नीट कागदपत्रांसह जरूर पाळता येतो, पण तो कष्टाचा पाळीव प्राणी आहे. आणि दुसरा एक पेटीत ठेवण्यापेक्षा बागेत राहायला बोलवावा, हेच उत्तम. का, ते पुढे येईलच.

पाणसाप म्हणजे नेमके कोणते?

नॅट्रिक्स या कुळातले. युरोपात यांची तीन मुख्य रूपं भेटतात.

पहिला ग्रास स्नेक. जर्मनीत याला रिंगेलनाटर म्हणतात. मानेमागे पिवळे किंवा पांढरट दोन ठिपके आणि त्यांना लागून काळी कोर, ही त्याची खूण. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच जात मानत. आता स्पेन-पोर्तुगालकडचा वेगळा धरतात, आणि २०१७ पासून ब्रिटन, फ्रान्स, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेकडचा पट्टेवाला ग्रास स्नेकही स्वतंत्र जात आहे. मादी सहज मीटरभर किंवा थोडी जास्त वाढते, नर बराच लहान राहतो.

दुसरा डाइस स्नेक, जर्मनीत व्युर्फेलनाटर. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे गडद चौकोन. डोळे आणि नाकपुड्या डोक्यावर वरच्या बाजूला, म्हणजे अंग पाण्यात ठेवून फक्त तेवढंच बाहेर काढता येतं. इटलीपासून बाल्कन देश ओलांडून पार पश्चिम चीनपर्यंत याचा पसारा आहे.

तिसरा व्हायपराइन स्नेक: स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, वायव्य इटली आणि उत्तर आफ्रिका. पाठीवर नागमोडी पट्टा असल्यामुळे तो थेट व्हायपर, म्हणजे आपल्या घोणसाच्या जातकुळीतला विषारी साप, वाटतो आणि त्यापायी बिचारा अनेकदा मारला जातो.

आपल्याकडच्या दिवडाचे, म्हणजे विरोळ्याचे, हे लांबचे भाऊबंद. ज्यांनी लहानपणी विहिरीत किंवा भातखाचरात दिवड पोहताना पाहिलाय त्यांना यांची चाल ओळखीची वाटेल.

विषारी आहेत का?

माणसाच्या दृष्टीने नाहीत. पण ओळख पटल्याशिवाय हात लावू नका, कारण याच प्रदेशात खरे व्हायपरही आहेत. पाणसापाच्या डोळ्याची बाहुली गोल असते, युरोपातल्या व्हायपरची उभी चीर. पाणसापाच्या डोक्यावर मोठे, ठसठशीत खवले असतात, व्हायपरच्या डोक्यावर बरेच बारीक. अर्थात बाहुली दिसण्याइतकं जवळ जायची गरजच पडू नये. लांबून फोटो काढा आणि मोठा करून बघा.

एक धोक्याची सूचना. बाजारात 'कीलबॅक' या सैल नावाखाली आशियातले ऱ्हॅब्डोफिस कुळातले सापही येतात, उदाहरणार्थ लाल मानेचा कीलबॅक. दिसायला पाणसापासारखा, पण मागच्या दातांतून जाणारं त्याचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. माणसं गंभीर आजारी पडली आहेत. विक्रेत्याला शास्त्रीय नाव विचारा, ते सांगता येत नसेल तर तिथून निघा.

चावतात का?

ग्रास स्नेक जवळजवळ कधीच नाही. त्याची हत्यारं वेगळी. आधी मान चपटी करून जोरात फूत्कार टाकतो. तोंड मारतोही, पण बहुधा बंद तोंडाने. पकडलाच तर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून पांढरट-पिवळा द्रव सोडतो. त्याचा वास सडलेल्या माशात लसूण कुटल्यासारखा येतो, आणि साबणाने दोन-तीनदा हात धुतले तरी बोटांना राहतो. एवढ्यानेही सुटका झाली नाही तर मेल्याचं सोंग: पोट वर, तोंड वासलेलं, जीभ बाहेर लोंबणारी, कधी तोंडात रक्ताचा थेंबसुद्धा. अंग इतकं ढिलं सोडतो की पहिल्यांदा बघणारा खरोखर घाबरतो. हे पाहून हसू येतं, पण तो साप त्या वेळी जिवाच्या भीतीत असतो हे विसरू नका. खाली ठेवा आणि लांब व्हा.

डाइस आणि व्हायपराइनही असंच करतात. व्हायपराइन डोकं त्रिकोणी करून व्हायपरची नक्कल करतो.

पाळणं कायदेशीर आहे का?

देशागणिक नियम वेगळे आहेत, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी धरून चाला: रानातून उचलून आणायचा नाही. १९७९ च्या बर्न करारात या सगळ्यांना संरक्षण आहे. डाइस स्नेक तर कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाच्या चौथ्या परिशिष्टातही.

जर्मनीत युरोपातले सगळेच सरपटणारे प्राणी संरक्षित आहेत. पाळायचा तर तो पिंजऱ्यात जन्मलेलाच हवा, तसा लेखी पुरावा हवा, आणि साप घरी आणल्यावर लगेच स्थानिक निसर्गसंरक्षण कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. पुरावा म्हणजे पैदास करणाऱ्याचं नाव-पत्ता, जन्मवर्ष, आईबापांचा तपशील आणि सही असलेला कागद. सापाइतकाच तो जपून ठेवा.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने ग्रास स्नेकला मारणं, इजा करणं आणि परवान्याशिवाय विकणं गुन्हा आहे.

मग मिळतो कुठे?

पैदास करणाऱ्याकडून, थेट. पेट शॉपमध्ये हे साप फारसे दिसत नाहीत. जर्मनीतल्या हाम शहरात वर्षातून चार वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, टेरारिस्टिका नावाचा. तिथे डाइस स्नेकची पिल्लं दिसू शकतात. पण मी सांगेन, बाजारात ओळख करून घ्या आणि साप त्या माणसाच्या घरी जाऊन घ्या. पेट्या कशा आहेत, आईबाप कसे दिसतात, पिल्लू तुमच्यासमोर काय खातं, हे सगळं तिथे कळतं. डीजीएचटी ही जर्मनीतली सरीसृप-उभयचर अभ्यासकांची जुनी संस्था आहे. तिच्या स्थानिक गटांच्या बैठकांना गेलात तर खरी माणसं भेटतील.

'कागद नंतर पाठवतो' असं कोणी म्हणालं, तर घेऊ नका. कितीही गोड पिल्लू असलं तरी.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने कोणता घ्यावा?

डाइस स्नेक. तो मासे खातो आणि गोठवलेला मासा बाजारात मिळतो, एवढं एक कारण पुरेसं आहे. शिवाय दिवसा जागा असतो, पाण्यात शिकार करताना बघायला मिळतो आणि माणसाची सवय त्याला बऱ्यापैकी होते. व्हायपराइनही चालेल. तो लहान, साधारण ६० ते ८५ सेंटिमीटरचा, पण मिळणं कठीण.

ग्रास स्नेक नको. त्याचं मुख्य अन्न बेडूक आणि भेक. तेही संरक्षित आहेत, त्यांच्यातून परजीवी येतात, आणि पुष्कळ ग्रास स्नेक माशावर कधी नीट येतच नाहीत. मोठी मादी पेटीत काचेला नाक घासत राहते, नाकाची कातडी सोलवटते. हे बघवत नाही.

पेटी केवढी लागेल?

एका पूर्ण वाढलेल्या डाइस स्नेकसाठी मी १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या खाली जाणार नाही. एका टोकाला दिवा लावून ऊन खायची जागा, तिथे ३० ते ३५ अंश सेल्सिअस. दुसरं टोक २० ते २२ अंशांवर. रात्री सगळे दिवे बंद, तापमान १५-१८ वर गेलं तरी चांगलंच. यूव्ही दिवा जरूर लावा. तळाला माती आणि वाळलेला पाला, वर कॉर्कच्या साली, सपाट दगड, दोन-तीन लपायच्या जागा. दगड घट्ट बसवा, अंगावर ढासळले तर साप चिरडतो.

झाकणाला कुलूप लावा. हे साप डोक्याएवढ्या फटीतून आरामात निघून जातात, आणि तारेच्या छिद्रातून शेपूट बाहेर दिसेपर्यंत तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पाणसाप आहे, तर अर्धी पेटी पाण्यानेच भरू ना?

सर्वात जास्त साप याच समजुतीने आजारी पडतात. पाणी हवंच, डाइस स्नेकला तर पोहता येईल एवढं हवं. पण बाकी पेटी कोरडी, खडखडीत कोरडी हवी. रानात हा साप पाण्यातून निघतो तो सरळ तापलेल्या दगडावर जातो आणि काही मिनिटांत अंग सुकवतो. पेटीत सगळीकडे ओल राहिली की पोटाच्या खवल्यांखाली बारीक फोड येतात, त्यात जंतू शिरतात, आणि बघता बघता साप सेप्टिक होतो. झाकणाला आणि बाजूला जाळी ठेवून हवा खेळती ठेवा. पाण्याचं भांडं बाहेर काढून धुता येईल असं घ्या, कारण मासे खाणारा साप भरपूर आणि दुर्गंधीयुक्त घाण करतो, तीही बहुतेक पाण्यातच. एक दिवसाआड पाणी बदलायची तयारी नसेल तर हा साप तुमच्यासाठी नाही.

खायला काय आणि किती?

मासा. पण कुठलाही नाही.

पुष्कळ माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. गोल्डफिश, कार्प आणि जर्मनीत ठिकठिकाणी गोठवून विकले जाणारे स्टिंट, हे तिन्ही याच गटातले. मासा गोठवल्याने थायमिनेज जात नाही. महिनोन्‌महिने असेच मासे दिले तर सापाचं डोकं थरथरायला लागतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो, उलटा पडला तर सरळ होता येत नाही, शेवटी झटके येतात. वेळेत ओळखलं तर पशुवैद्य बी-१ ची इंजेक्शनं देऊन वाचवू शकतात. उशीर झाला तर नाही.

ट्राउट आणि सामन या कुळातल्या माशांत हा त्रास नाही. म्हणून ट्राउट हा पाया धरा. लहान असेल तर अख्खा द्या. मोठा असेल तर कातडी आणि काट्यांसकट उभे तुकडे करा. नुसतं फिले, म्हणजे काटे काढलेलं मांस, देत राहिलात तर कॅल्शियम कमी पडतं. कधी दुसरा मासा द्यावाच लागला तर तो ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ मिनिटं ठेवला की थायमिनेज निकामी होतं. मात्र उष्णतेने जीवनसत्त्वही थोडं जातं, ते वरून द्यावं लागतं. कच्चा मासा देण्याआधी काही आठवडे गोठवून ठेवा, बरेच परजीवी मरतात.

पिल्लांना आठवड्यातून दोनदा-तीनदा ट्राउटच्या बारीक पट्ट्या. गांडूळही काही पिल्लं आवडीने घेतात, पण शेतातलं किंवा बागेतलं मोठं गांडूळ द्या. कंपोस्टमधलं लालसर पट्ट्यांचं गांडूळ देऊ नका, ते सापांना बाधतं. मोठ्या सापाला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. काही जण उंदराच्या पिल्लाला मासा चोळून ते खाऊ घालतात. कधीमधी ठीक, पण मासेखाऊ सापाला रोज उंदरावर ठेवलं की तो फुगतो.

पहिल्यांदा खाऊ घालताना जरा थांबून बघा. चिमट्यात धरलेला तुकडा पाण्यात हलवला की आधी जीभ भराभर लवलवते. मग डोकं एकदम आडवं येतं आणि साप माशाला मधोमध धरतो. धरल्यावर तो बहुतेक वेळा काठावर येतो, जबडे एकाआड एक सरकवत माशाच्या डोक्यापर्यंत पोचतो आणि मगच गिळायला सुरुवात करतो. खवले आणि पंख उलटे लागू नयेत म्हणून. एवढ्यासाठी तरी अख्खा मासा द्यावा.

दूध?

नाही. साप दूध पचवू शकत नाही. गंमत म्हणजे ही समजूत फक्त आपल्या नागपंचमीची नाही. लिथुआनियात ग्रास स्नेकला झाल्टिस म्हणतात. जुन्या काळी तिथे तो घरात शुभ मानत आणि त्याला दूध ठेवत. जर्मनीत श्प्रेवाल्ड भागात घरांच्या छपरांच्या टोकांना मुकुटधारी सापांची लाकडी डोकी आजही दिसतात. श्रद्धा सुंदर आहे, पण वाटीत पाणीच ठेवा.

थंडीत झोपू द्यावं लागतं का?

निरोगी, वजनदार सापाला हो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ४ ते ८ अंशांत शीतनिद्रा दिली की त्याचं वर्षाचं चक्र नीट चालतं, आणि पैदाशीसाठी तर ती लागतेच. आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद करा, पण ऊब चालू ठेवा, म्हणजे पोट रिकामं होईल. पोटात अन्न ठेवून गार केलं तर ते आतच सडतं. मग हळूहळू तापमान उतरवा. पालापाचोळा भरलेला, भोकं पाडलेला डबा, ओलसर शेवाळ, छोटं पाण्याचं भांडं आणि थर्मामीटर लावलेला वेगळा फ्रिज किंवा थंड तळघर. महिन्यातून एकदा वजन करा. वजन भराभर घटत असेल तर उठवा. आजारी किंवा नुकताच आणलेला साप झोपवू नका.

मुलांना हातात देता येईल?

देता येईल, रोज मात्र नको. हा कुशीत घेण्याचा प्राणी नाही. खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की अजिबात हात लावू नये. नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर पेटी आणि स्वयंपाकघर यांचा दुरूनही संबंध नको, पाण्याचं भांडं बेसिनमध्येही धुवायचं नाही.

आजारी आहे हे कसं ओळखावं?

तोंड उघडून श्वास, नाकातून बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज ही फुप्फुसाची लक्षणं. पोटावर फोड किंवा तपकिरी डाग असले तर ओल कमी करा आणि वैद्याकडे जा. कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल तर खरखरीत दगड आणि ओलसर शेवाळाचा डबा ठेवा. चेहऱ्यावर किंवा अंगावर खपल्या-गाठी दिसल्या तर बुरशीचा विचार हवा. ऑफिडिओमायसिस नावाचा सापांचा बुरशीजन्य रोग युरोपातल्या रानटी पाणसापांत सापडला आहे. म्हणूनच नवीन साप तीन महिने वेगळा ठेवा, विष्ठा तपासून घ्या, आणि रानात साप बघून आलात तर घरच्या पेटीला हात लावण्याआधी हात आणि बूट स्वच्छ करा.

रानात बघायचे असतील तर कुठे आणि कधी जावं?

मे-जून उत्तम. सकाळी ऊन कोवळं असताना काठावर अंग तापवत पडलेले असतात. चढत्या उन्हात दिसेनासे होतात. हळू चला, जमिनीला हादरे बसले की ते आधीच पाण्यात उतरतात. सूर्य पाठीशी ठेवा, पण स्वतःची सावली सापावर पडू देऊ नका.

लंडनमध्ये असाल तर बार्न्सचं वेटलँड सेंटर बघा. इंग्लंड-वेल्समधली कालव्याकाठची गवताळ जागा, जुनी तळी चांगली. आयर्लंडमध्ये शोधू नका, तिथे रानटी साप नाहीत. जर्मनीत डाइस स्नेक फार थोड्या ठिकाणी उरला आहे: मोझेल, लान आणि नाहे या नद्यांच्या काठी, शिवाय माइसेनजवळ एल्बेच्या काठी तो पुन्हा सोडलेला आहे. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी टिचिनोमध्ये लुगानो सरोवराचे दगडी काठ पाहावेत. आणि ज्यांना या सापाचं खरोखर वेड आहे त्यांनी उत्तर मॅसिडोनियातल्या प्रेस्पा सरोवरातलं गोलेम ग्राद बेट मनात नोंदवून ठेवावं. तिथे डाइस स्नेकची गर्दीच आहे.

पकडू नका, दगड उलटवून टाकू नका. जर्मनीत नुसतं पकडणंही गुन्हा आहे.

बागेत बोलवायचा म्हणजे काय करायचं?

माझ्या लेखी ग्रास स्नेक 'पाळायचा' हाच मार्ग. मासे न सोडलेलं एक तळं करा, म्हणजे बेडूक टिकतील. शेजारी पालापाचोळा, कापलेलं गवत आणि शेणखत यांचा मोठा ढीग, निदान मीटरभर उंच. हा ढीग कुजताना आतून गरम होतो, आणि त्या उबेत मादी जून-जुलैत १० ते ४० अंडी घालते. थंड स्वीडनमध्ये हा अंडी घालणारा साप टिकला तो अशाच उबेमुळे. चांगला ढीग मिळाला तर अनेक माद्या त्याच ठिकाणी येतात. सहा ते दहा आठवड्यांत, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, पेन्सिलीएवढी पिल्लं बाहेर पडतात. तोवर त्या ढिगात फावडं घालायचं नाही. ढीग उलटायचा तर एप्रिलअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, तोही हलक्या हाताने, कारण काही साप त्यातच हिवाळा काढतात. तळ्यावर प्लॅस्टिकची जाळी टाकू नका, साप अडकून मरतात.

साप येईलच याची हमी नाही. जवळपास रानटी साप असायला हवेत. पण बेडूक, न्यूट (बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद) आणि चतुर नक्की येतात.

भारतात नेता येईल? किंवा तिथे दिवड पाळू का?

दोन्हीचं उत्तर एकच: नाही. जिवंत प्राणी आयात करायला सरकारी परवाना आणि पशु-संगरोध विभागाची मंजुरी लागते, आणि थंडीवर जगणाऱ्या या सापाला आपला मे महिना सोसणार नाही. दिवडाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. गावी गेलात की पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर बसून बघा. दिवड मात्र ग्रास स्नेकसारखा भिडस्त नाही, तो जोरात चावतो.

आता सांभाळणं जमत नाही. तळ्यात सोडून देऊ?

कृपा करून नको. स्वित्झर्लंडमधल्या लेमन, म्हणजे जिनिव्हा, सरोवराच्या काठी माणसाने आणलेला डाइस स्नेक वाढला आणि तिथल्या मूळ व्हायपराइन सापांशी अन्नासाठी स्पर्धा करू लागला. पेटीतला साप रानात रोगही नेतो. ब्रिटनमध्ये परका प्राणी सोडणं हा गुन्हा आहे. आधी ज्याच्याकडून घेतला त्यालाच विचारा, चांगले पैदासदार परत घेतात. नाहीतर म्युनिकच्या सरीसृप आश्रयकेंद्रासारख्या संस्थेला फोन करा. देताना मूळचा कागद, खाण्याची आणि वजनाची वही सोबत द्या, आणि निसर्गसंरक्षण कार्यालयाला साप कुणाकडे गेला ते लेखी कळवा.